हेटीचं निळं भांडं

मंगळवारी संध्याकाळी मी कॉलेजात जाऊन बिअरचा खेळ खेळले, हे आमच्या पास्टरांच्या कानावर घालायची मला काही गरज वाटली नाही. त्या खेळात बिअरचा थेंबही नसतो. चिठ्ठ्या असतात, प्लास्टिकच्या सोंगट्या असतात, आणि एकमेकांशी बोलायची बंदी असलेली चार माणसं असतात. पण आमच्या गावात 'बिअर' हा शब्द एकदा तोंडातून निघाला की त्याच्या पुढचं कुणी ऐकत नाही. आमचे पणजे हॉलंडहून मिशिगनच्या या बाजूला आले ते बायबल आणि सुतारकामाची हत्यारं घेऊन. रविवारी इथे अजूनही कुणी अंगणातलं गवत कापत नाही. कापलंच तर शेजारी बोलत नाहीत, नुसते बघतात, आणि तेच जास्त लागतं.

मी ट्रीना डाइकहाउस. खुर्च्यांच्या कारखान्यात माल मागवायचं काम करते, अगदी लग्नाच्या आधीपासून. बोल्ट, चाकं, फोम, कापड, कधी काय किती मागवायचं ते मी बघते. मध्यंतरी आमचा कारखाना विकला गेला आणि नव्या मालकांनी फर्मान काढलं, की माल मागवणाऱ्या प्रत्येकाकडे पुरवठा साखळीचं प्रमाणपत्र हवं. फी तेच भरणार होते. नवा मॅनेजर मला म्हणाला, "ट्रीना, तुमच्या बाबतीत ही नुसती औपचारिकता आहे हो." साठीला टेकलेल्या बाईच्या पाठीवर दप्तर चढवायचं आणि त्याला औपचारिकता म्हणायचं! मी तोंड वाकडं केलं, चारचौघांत दोन शब्द सुनावले, आणि मनातल्या मनात हुश्श केलं. मंगळवारची आणि गुरुवारची संध्याकाळ तरी मार्गी लागली.

कारण संध्याकाळ मला खायला उठायची. माझा नवरा मार्व मागच्या वर्षी ऑक्टोबरात गेला. अंगणातली पानं गोळा करत होता, दम लागला म्हणून पायरीवर बसला, आणि मी कॉफी घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. मुलगा टेक्सासला असतो. तो येऊन सगळं नीट आवरून गेला, आता रविवारी फोन करतो. चांगला मुलगा आहे. फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त गप्प होतं, त्याला तो काय करणार?

मार्व गेला तेव्हा जेवणं आली. आमच्यात कुणाकडे दुःखाचा प्रसंग आला की चर्चमधल्या बायका ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण भांड्यासकट आणून देतात. त्याला आम्ही कॅसरोल म्हणतो. कोंबडी-भात, मासे घातलेल्या नूडल्स, हॅम आणि बटाटे, वर चीजचा थर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावलेली असते आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. भांडं परत करायचं असतं, पण रिकामं परत करायचं नसतं. आत बिस्किटं घालायची, केकचे तुकडे घालायचे, नाहीतर बँकेट, म्हणजे बदामाचं सारण भरलेला डच रोल. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण रिकामं भांडं परत देणाऱ्या एका बाईबद्दल माझी आई तीस वर्षं बोलत होती.

पहिल्या आठवड्यात इतकं जेवण आलं की आमचा फ्रीझर भरला, मग गॅरेजमधला जुना फ्रीझर चालू केला, तोही भरला. हे कसं झालं असेल ते मला बसल्या जागी दिसत होतं. एकीने दुसरीला विचारलं असेल, ट्रीनाकडे पोचलं का गं काही? दुसरी म्हणाली असेल, दोघीतिघींनी पाठवलंय म्हणे. मग तिसरी म्हणाली असेल, एवढंच? आणि तिने दोन भांडी पाठवली. प्रत्येकीने स्वतःच्या अंदाजाने थोडं थोडं वाढवलं. दुसऱ्या रविवारी चर्चच्या दारात मी हात जोडले. "आता पुरे, खरंच. माझ्याकडे भरपूर आहे." जो विचारेल त्याला तेच. भरपूर आहे.

मग नळ बंद करावा तसं सगळं बंद झालं. जेवण बंद झालं आणि त्याच्याबरोबर माणसंही बंद झाली. आमच्याकडे कुणी नुसतं येत नाही. येण्याला काहीतरी काम लागतं, हातात काहीतरी लागतं, आणि ट्रीनाकडे तर भरपूर होतं.

तो हिवाळा मी एकटीने ते सगळं जेवण खाल्लं. एक-एक भांडं रिकामं झालं की घासून, पुसून तळघरात नेऊन ठेवायचे, मार्वच्या कामाच्या टेबलावर. शनिवारी काहीतरी भाजू आणि एकेक परत करू, असं म्हणायचे. शनिवार यायचा. लोणी बाहेर काढून ठेवायचे, ते मऊ व्हायचं, आणि संध्याकाळी तसंच फ्रीजमध्ये जायचं. एका माणसासाठी ओव्हन तापवणं माझ्या जिवावर यायचं, आणि दुसऱ्यासाठी तापवणं तर त्याहून.

बाकीच्या भांड्यांचं मला फारसं काही नव्हतं. एक निळं भांडं मात्र मनाला लागलं होतं. ते हेटीचं होतं.

हेटी बूरेमा दोन गल्ल्या सोडून राहते. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, जीभ सुरीसारखी. माझी मैत्रीण, आणि एकुलती एक म्हटलं तरी चालेल. दर शनिवारी सकाळी दहाला मी तिच्याकडे कॉफीला जायचे. मार्व म्हणायचा, "आज गावाची सभा आहे वाटतं." अंत्यविधीनंतरच्या जेवणात ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "निदान त्याला त्रास तरी झाला नाही." मी फाडकन म्हणाले, "तुला काय माहीत?" दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर निळं भांडं होतं, कोंबडी-भाताचं. घंटी वाजवली नव्हती. हेटी नेहमी घंटी वाजवते, आणि लगेच दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवते.

तिचं भांडं मी सगळ्यांत शेवटी खाल्लं. ते संपलं तेव्हा बाहेरचं बर्फ वितळत होतं. भांडं न देता शनिवारी तिच्याकडे जाता येईना आणि रिकामं देता येईना. ती आली नाही. मी गेले नाही. चर्चमध्येही मी सकाळची वेळ सोडून संध्याकाळच्या प्रार्थनेला जायला लागले. सकाळी आमच्या बाकावर माझ्या शेजारी रिकामी जागा दिसायची. प्रवचन सुरू झालं की मार्व कोटाच्या खिशातून पेपरमिंटची वडी काढून माझ्या हातात सरकवायचा, चाळीस वर्षं. आमच्याकडे सगळेच नवरे सरकवतात. पास्टरांनी पुस्तक उघडलं की चर्चभर वड्यांच्या कागदांची सळसळ ऐकू येते, आणि त्या आवाजात मला बसवत नव्हतं.

तर, तो बिअरचा खेळ.

आम्हाला शिकवायला वॉल्टर ग्रीअर म्हणून एक उंच, काळा, शांत माणूस होता. डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात त्याची हयात गेली होती, निवृत्त होऊन तो आमच्या बाजूला तळ्याकाठी राहायला आला होता. त्याने आम्हाला चार-चारच्या ओळीत बसवलं. पहिला दुकानदार, मग घाऊक व्यापारी, मग वितरक, आणि शेवटी कारखाना. गिऱ्हाइकाला किती हवंय ते फक्त दुकानदाराला दिसायचं. बाकीच्यांनी मागून येणारी चिठ्ठी बघायची आणि आपली मागणी पुढे सरकवायची. सोंगट्या म्हणजे माल, आणि तो पोचायला वेळ लागायचा, खऱ्या जगात लागतो तसा.

"बोलायचं नाही," ग्रीअर म्हणाला. "खोकायचं असेल तर खोका. पण अर्थपूर्ण खोकू नका."

आमच्या ओळीत मी कारखाना होते. दुकानदार होती एस्तेला, एका बेकरीचा माल मागवणारी, तिशीतली, बोलकी. तिला गप्प बसायला सांगणं हा खरा छळ होता. आधी सगळं ठीक चाललं. मग चिठ्ठ्यांवरचे आकडे वाढले, मग आणखी वाढले, मग असे वाढले की मी सोंगट्या भराभर बनवूनही पुऱ्या पडेनात. घाऊक व्यापारी घाम पुसत होता. एस्तेला डोळ्यांनी मला शिव्या देत होती. मी जेवढं येईल तेवढं करत सुटले. माझ्यापुढे मालाचा डोंगर झाला, आणि त्याच वेळी शून्याची पहिली चिठ्ठी आली.

मला वाटलं, चुकून आली. दुसरीही शून्य. तिसरीही. मी डोंगरामागे बसून होते आणि शेजारचा माणूस माझ्याकडे न बघता शून्य सरकवत होता. मला एकदम गॅरेजमधला फ्रीझर आठवला. डोळे भरले. खेळात रडायला लागलेली बाई म्हणून कॉलेजभर नाव होईल, म्हणून मी खोकले, अर्थ नसलेलं.

खेळ संपल्यावर ग्रीअरने विचारलं, "बोला, कुणाची चूक?"

"गिऱ्हाइकाची!" एस्तेला उसळली. "वेडं झालं होतं ते. घटकेत हवं, घटकेत नको. आणि हा कारखाना तर झोपलाच होता!"

"कारखाना तुझ्या आईच्या वयाचा आहे," मी म्हणाले. "जरा जपून."

ग्रीअरने गिऱ्हाइकाच्या मागणीची पानं उलटून आमच्यापुढे मांडली. गिऱ्हाईक फक्त एकदा बदललं होतं. सुरुवातीलाच थोडं जास्त मागितलं आणि पुढे शेवटपर्यंत तेवढंच. बाकीचा महापूर आणि बाकीचा दुष्काळ आमचा घरचा होता.

"मूर्ख कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "प्रत्येकाने आपल्यापुरतं शहाण्यासारखंच केलं. फक्त कुणी कुणाला विचारलं नाही."

"तुम्हीच बंदी घातली होती ना!" एस्तेला म्हणाली.

"इथे मी घातली. बाहेर कोण घालतं?"

मग त्याने घरचा अभ्यास दिला. स्वतःच्या आयुष्यातली एखादी पुरवठा साखळी काढून आणायची. कारखान्यातली नको, ती आम्हाला पाठ आहे म्हणाला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कॅसरोलची साखळी काढली. चर्चचं चित्र, बायकांचे चौकोन, तिथून माझ्या घराकडे येणारे बाण. पूर आणि दुष्काळ दोन्ही दाखवले. काढताना पहिल्यांदाच मला त्या सगळ्याचं हसू आलं.

ग्रीअरलाही आलं. मग तो चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाला, "झकास आहे. फक्त हे सगळे बाण एकाच बाजूने येतायत. उलटे बाण कुठायत? तुमच्याकडचं संपलं, हे त्यांना कळतं कसं?"

"कळतं."

"कसं?"

"गाव लहान आहे आमचं."

"ट्रीना, आमचा कारखाना एका छपराखाली होता. तरी कुणाला काही कळायचं नाही." त्याने कागद परत दिला. "पुढच्या वेळी तेवढं भरून आणा."

मला राग आला. गावाबद्दल तो मला शिकवणार? घरी येऊन कागद फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला आणि त्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळत राहिले.

त्याच आठवड्यात आमची खुर्च्या जोडायची लाइन थांबली. डेलच्या टेबलाशी खुर्चीच्या पाठीचे बोल्ट संपले होते. डेल माझ्याच वयाचा, भला माणूस, प्राथमिक शाळेपासून माझ्या ओळखीचा. आमच्याकडे बोल्टांसाठी दोन डब्यांची पद्धत आहे, ती मीच बसवलेली. प्रत्येकाकडे दोन डबे असतात. पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकामा खालच्या घसरगुंडीवर सोडायचा. तो स्टोअरला जातो, भरून परत येतो. ना चिठ्ठी, ना फोन. स्टोअरमध्ये माल भरपूर होता, मग डेलकडे संपला कसा? मी खाली वाकून बघितलं तर त्याच्या टेबलाखाली रिकाम्या डब्यांची चळत. नुसते त्याचे दोन नाहीत, बाजूच्या टेबलांचेही दोन-चार त्याने गोळा करून ठेवले होते. एकात हातमोजे, एकात शेंगदाणे.

"हे काय आहे, डेल?"

"साठवत होतो गं. एकदम पाठवावे म्हटलं."

"एकदम? का?"

त्याची मान लाल झाली. "एकेक डबा सारखा सारखा पाठवायचा म्हणजे बरं नाही दिसत. स्टोअरवाले म्हणतील, याचं आपलं रोजचंच मागणं."

माझं डोकं फिरलं. अख्खी लाइन थांबलेली, नवा मॅनेजर काचेतून बघतोय, आणि ह्याला मागायची लाज! "अरे, पण मागायचं कुठाय त्यात?" मी ओरडले. "रिकामा डबा सोडायचा आणि गप्प राहायचं. रिकामा डबा हीच मागणी असते! तू तो टेबलाखाली दडवून ठेवलास तर त्यांना काय स्वप्न पडणार आहे, की डेलकडचं संपलंय? त्यांना तर वाटतंय तुझं मजेत चाललंय! तिकडे माल पडलाय, इकडे तू हातावर हात धरून बसलायस, आणि..."

आणि मी थांबले. डेल वाट बघत होता पुढच्या शिवीची.

"आणि काय?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "डबे सोड. सगळे."

जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत जाऊन बसले. सँडविच खाल्लं नाही. पार्किंगपलीकडे मक्याचं कापलेलं शेत होतं, त्याच्याकडे बघत बसले. तळघरातली सगळी भांडी माझ्या डोळ्यांपुढे उभी होती, स्वच्छ, चकचकीत, एकात एक बसवलेली. गावातल्या प्रत्येक बाईला वाटत असणार, की ट्रीनाकडे अजून आपलं भांडं आहे म्हणजे अजून आहे तिच्याकडे काहीतरी. आणि हेटीला काय वाटत असेल? मला बाकी काही नको होतं. मला हेटी परत हवी होती, शनिवार परत हवा होता, आणि तो मीच टेबलाखाली दडवून ठेवला होता.

शनिवारी सकाळी सवयीने लोणी बाहेर काढलं. ते मऊ व्हायची वाट बघत उभी राहिले आणि कळलं, की हे आजही तसंच आत जाणार. मग लोणी आत ठेवलं, तळघरात गेले आणि निळं भांडं उचललं. बुडाची चिकटपट्टी धुऊन धुऊन पांढरी झाली होती, 'बूरेमा' जेमतेम वाचता येत होतं.

दोन गल्ल्यांचं अंतर ते किती असणार! पण रिकामं भांडं हातात धरून गावातून चालणं काय असतं ते माझ्या आईच्या लेकीलाच माहीत. अंगावर पुरेसे कपडे नसल्यासारखं वाटत होतं. वर पंचा टाकावा असं दहादा मनात आलं. पंचा टाकला की निदान बघणाऱ्याला वाटतं, आत काहीतरी आहे. कोपऱ्यावरचे म्हातारे फ्लिकमा पानं गोळा करत होते. त्यांनी हात केला, मग त्यांची नजर भांड्यावर गेली, मग ती सभ्यपणे आभाळाकडे वळली.

"बर्फ पडणार वाटतं," ते म्हणाले.

"पडेल," मी म्हणाले, आणि भांडं आणखी उघडं धरलं. धरायचंच तर नीट धरावं.

हेटीची घंटी वाजवली. आतून कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली नाही, तेवढा धीर नव्हता. मग काहीतरी घासत, टेकत, हळूहळू दाराशी येताना ऐकू आलं. दार उघडलं. हेटी चार पायांच्या वॉकरला धरून उभी होती. केस बरेच पिकले होते. ती इतकी बारीक झाली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ट्रीना," ती म्हणाली.

"तुझं भांडं."

तिने एक हात वॉकरवरून सोडवला, भांडं घेतलं, आणि आत बघितलं. बघणारच. आमच्याकडची बाई आहे ती.

"रिकामं आहे," ती म्हणाली.

"हो. रिकामंच आहे." मी ठरवून आलेलं सगळं विसरले. "वर्षभर काहीतरी घालीन म्हणत होते. दर शनिवारी लोणी बाहेर काढते आणि परत ठेवते. हेटी, माझ्याकडे घालायला काही नाहीये. कधीचंच काही नाहीये. लोकांना सांगते भरपूर आहे. काही नाहीये."

सुरीसारख्या जिभेतून काय निघतंय याची मी वाट बघत होते.

"आत ये," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून गावाला ऊब द्यायला मी काही श्रीमंत नाही."

तिचं स्वयंपाकघर तेच होतं, खिडकीतला निवडुंगही तोच. टेबलावर एकच कप होता. गॅसजवळ सुपाच्या डब्यांची रांग होती, एकाच्या डोक्यावर एक, आणि सगळे एकाच चवीचे. हेटी पूर्वी डब्यातलं सूप घेणाऱ्या बायकांना नावं ठेवायची.

"खुब्याचं हाड मोडलं," मी बघते आहे हे बघून ती म्हणाली. "मार्चमध्ये, पायरीवरच्या बर्फावरून घसरून. तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. चर्चच्या पत्रकात होतं."

"मग?"

"वाटलं, तुझ्याकडे रांग लागली असेल. आणि तुझं भांडं माझ्याकडे. रिकाम्या हाताने कशी येऊ?"

हेटी खुर्चीत हळूच बसली. भांडं मांडीवर घेतलं. "लागली होती रांग. एक आठवडा. तेरा भांडी आली. मी काय करणार होते एवढ्याचं? सांगितलं सगळ्यांना..."

"भरपूर आहे," मी म्हणाले.

"भरपूर आहे," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. हेटीने मला रडू दिलं. ती उठून जवळ आली नाही, आम्ही तसल्या नाही. तिने एप्रनच्या खिशातून पेपरमिंट काढलं, चमच्याच्या मागच्या बाजूने टेबलावर फोडलं, आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

तोंडात पेपरमिंट असताना रडता येत नाही. चर्चमध्ये लहान मुलांना म्हणूनच देत असतील.

"मला वाटलं, तू चिडलीस," हेटी भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली. "बोलले ते चुकलंच माझं. त्याला त्रास झाला की नाही, मला काय माहीत? म्हटलं, ज्या दिवशी ती भांडं घेऊन येईल त्या दिवशी समजायचं, राग गेला. शनिवारी दहाला दोघींची कॉफी टाकत होते. उन्हाळ्यापर्यंत टाकली. मग एकीची टाकायला लागले."

"चिडले होते. तुझ्यावर नाही गं. मी आत कॉफी करत होते आणि तो बाहेर... कुणावर तरी चिडायला हवं होतं मला."

"मग माझ्यावर चिडायचंस की. समोर येऊन. मी काय पळून जाणार होते, या खुब्यानिशी?"

मग आम्ही कॉफी केली. म्हणजे मी केली, आणि हेटीने बसल्या जागेवरून माझ्या चुका काढल्या. पाणी जास्त, पूड कमी, कप तो नको, तो पाहुण्यांचा. मी तिला डेलचे शेंगदाणे सांगितले, ग्रीअर सांगितला, बिअरचा खेळही सांगितला. ती म्हणाली, "पास्टरना कळू देऊ नकोस." बाहेर खरंच बर्फ पडायला लागलं, बारीक, या वर्षीचं पहिलं.

निघताना मी सवयीने भांडं उचललं. "दे इकडे. पुढच्या खेपेला काहीतरी घालून आणते."

"ठेव ते खाली," हेटी म्हणाली. "मारे वर्षभराने एकदा आणलंस. आता इथेच राहू दे. मी भरीन, मग न्यायला ये."

"तुला दोन मिनिटं उभं राहवत नाही. कधी भरणार तू?"

"कुणाला ठाऊक."

"आणि नाहीच भरलंस तर?"

ती वॉकर धरून माझ्यामागे दारापर्यंत आली होती. तिने भांडं दारातल्या स्टुलावर ठेवलं, बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं.

"तरी ये," ती म्हणाली.